अजून काही राहिलंय का?

१

जुनी मशीन नव्या सिस्टिमला चालेल की नाही, हे पाहायला फार अक्कल लागत नाही. तपासणीचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो चालवायचा, पडद्यावरची पट्टी सरकेपर्यंत गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि हिरव्या खुणा दिसल्या की मशीन ठेवून घ्यायची. अक्कल लागते ती लाल फुली आल्यावर. माणसं अशी काही बघतात की जणू मी त्यांच्या घरचंच कुणी गेल्याची बातमी दिलीय.

"अहो, पण चालतीय की छान!" असं प्रत्येकजण म्हणतो.

चालतीय, हे खरंच असतं. पण प्रोसेसर जुना, मेमरी तोकडी, सुरक्षेची ती नखाएवढी चिप नाही. आता चिपचं असं आहे की ती कित्येकदा असते, पण झोपलेली असते. सेटिंगमध्ये शिरून तिला जागं केलं की लाल फुली जाऊन हिरवी खूण येते. बाकीचे दुकानदार इतके कष्ट घेत नाहीत, नवी मशीन गळ्यात मारून मोकळे होतात. मी घेतो. माझ्या दुकानात लाल फुली म्हणजे शेवटची फुली, हे अख्ख्या रस्त्याला माहीत आहे.

आणि फुली आलीच, तर आमची एक पद्धत आहे. जुनीतलं सगळं नवीत उतरवायचं. नवी गिऱ्हाइकाकडे द्यायची आणि जुनी आमच्या मागच्या खोलीत चालूच ठेवायची. दोन्ही जोडीनं चालतात. गिऱ्हाईक नवीवर कामाला लागतं आणि मग एकेक आठवत जातं, तसा फोन येतो. जावयाचा फोटो सापडत नाहीये, पत्ता सापडत नाहीये, अमुक वळणाचा फॉन्ट सापडत नाहीये. ते जुनीतून काढून द्यायचं. हे फोन माझी बायको घेते. तिचा आवाज मऊ आहे, समोरचा माणूस विसरलेलंही आठवून सांगतो. "अजून काही राहिलंय का? घाई नाही. नीट आठवा," असं ती दर वेळी म्हणते. काही राहिलं नाही, असं गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं म्हणालं, की मग जुनी पुसायची. त्याआधी नाही. हा नियम माझा आहे आणि मला त्याचा अभिमान होता.

२

मी दुकानातच पडलो. खुर्चीवरून उठलो आणि खाली गेलो, एवढंच आठवतं. मग हॉस्पिटल, नळ्या, माझ्या डोक्यावरून चाललेली कुजबुज. एकदा डोळे किलकिले केले तर बायको आणि धाकटा भाऊ खिडकीपाशी उभे होते आणि एक डॉक्टर मान हलवत होते. डॉक्टरांनी मान हलवली की आपण समजायचं ते समजतो. मी डोळे मिटून घेतले.

तरी घरी आलो! जिना चढायचा नाही म्हणून वरच्या खोलीतला पलंग बंद. माझी खाट मागच्या खोलीत टाकली, त्या जुन्या मशिनींच्या शेजारी.

"इथे कशाला? मधल्या खोलीत टाका ना," मी म्हणालो.

"मधल्या खोलीत वर्दळ असते हो. इथं शांत आहे," बायको म्हणाली आणि तिनं चादरीची सुरकुती नीट केली. सुरकुती नव्हतीच मुळी.

शांत कसलं! आमचं घर एका ओळीत आहे. पुढे रस्त्याला दुकान, मागे मधली खोली, त्यामागे ही. मशिनींचे पंखे अखंड घुमत राहतात आणि दुकानातला शब्दन् शब्द ऐकू येतो. पहिल्याच सकाळी ऐकलं. कुणीतरी बाई जुनी मशीन घेऊन आल्या होत्या.

"बघू, आजीबाई काय म्हणतायत," दुकानातला आवाज म्हणाला.

हे माझं वाक्य. जुनी मशीन पुढ्यात आली की मी हेच म्हणतो. वाटलं, भाऊ माझी नक्कल करतोय. थोडा राग आला, थोडं बरंही वाटलं. दादाची गादी चालवतोय पठ्ठ्या. आवाजही किती हुबेहूब काढलाय, खाकरणंसुद्धा.

"तुम्ही पडला होतात ना? आता कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"ठणठणीत. तुमच्या मशीनपेक्षा तरी बरा," आवाज म्हणाला आणि हसला.

तेवढ्यात दार लोटून भाऊ आत आला. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तांब्या ठेवत होता आणि बाहेर तो आवाज अजून हसत होता.

"दुकानात कोण आहे रे?"

भावानं पाणी सांडलं. पुसायला वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. "माणूस ठेवलाय, दादा. तू बरा होईपर्यंत."

"माझ्यासारखा बोलतो."

"शिकतोय," भाऊ म्हणाला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

३

आता मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आयुष्य पंख्यांतली धूळ काढण्यात गेलं. चालू असणाऱ्या वस्तूला वीज लागते आणि बोलणाऱ्याला घसा लागतो, एवढं मला कळतं. माणूस ठेवलाय म्हणजे ठेवलाय. हुशार असेल. गिऱ्हाइकाची नजर अधू असेल. मी आजारी आहे आणि आजारी माणसाला भिंतीपलीकडचं सगळं आपल्याविषयीच वाटतं. अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो.

बायको चहा घेऊन यायची, खाटेशेजारी स्टूल ओढून बसायची आणि विचारायची. आधी कामाचंच होतं. लहान स्क्रू कुठल्या डबीत ठेवता? औषधवाल्याची मशीन मधूनच बंद का पडते? मला बरं वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या कामाची तिनं इतकी चौकशी कधी केली नव्हती. मी रंगून सांगायचो. ती कप घेऊन जायची आणि जरा वेळानं दुकानातून तेच ऐकू यायचं, माझ्याच शब्दांत, माझ्याच ठसक्यात.

मग प्रश्न बदलले.

"तुम्ही जिना चढताना काय पुटपुटता हो? मला कधी नीट ऐकूच आलं नाही."

"काही नाही गं. पायऱ्या उलट्या मोजतो. लहानपणची खोड आहे."

ती हसली. मीही हसलो. अशा गोष्टी नवराबायकोत कधी बोलायच्या राहूनच जातात. माझं आजारपण आम्हाला जवळ आणतंय, असं माझ्या मनात आलं, आणि त्या विचाराची मला आज इतकी लाज वाटते की सांगून सोय नाही.

त्याच संध्याकाळी भाऊ शटर ओढून आपल्या घरी गेला. तो पलीकडच्या गल्लीत राहतो. घरात मी आणि बायको, दोघंच उरलो. मधल्या खोलीतला दिवा लागला, ताटं मांडल्याचा आवाज आला. बायको कशालातरी खुदकन हसली. मग जिन्यावर पावलं वाजली. तिची मला ओळखू येतात. तिच्या पुढे आणखी कुणाची तरी होती, जड, प्रत्येक पायरीवर जरा थांबणारी. आणि त्या पावलांबरोबर कुणीतरी पुटपुटत होतं. आकडे होते, वरून खाली येणारे.

मी उठलो. दाराला बाहेरून कडी होती. मी पडू नये म्हणून घातली असेल, असं मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. डोक्यावरच्या छतात माझा पलंग करकरला.

४

खात्री करायचा एकच उपाय मला सुचला, आणि तो माझ्या धंद्यातलाच आहे. तार कुठं जाते हे कळत नसेल तर या टोकाला खोटा सिग्नल सोडायचा आणि त्या टोकाला बघायचं.

दुसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "ते निवृत्त हेडमास्तर येतात ना, त्यांच्याशी तुम्ही काय बोलता?"

"गुडघ्याचं," मी म्हणालो. "डावा गुडघा. पहिल्यांदा ते विचारायचं, नाहीतर रुसतात."

हेडमास्तरांचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. ते टेकडी चढतात रोज.

दुपारी ते आले. मी श्वास रोखून कान लावला.

"या सर. डावा गुडघा काय म्हणतोय?" आवाज म्हणाला.

मग हेडमास्तर म्हणाले, "माझा गुडघा? अहो, बरे आहात ना तुम्ही?"

मला हसू फुटलं. तोंडावर चादर दाबून हसलो. सापडला लेकाचा! पण मग बायको आत आली. स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली.

"खोटं का सांगितलंत?"

तिनं चिडायला हवं होतं. ती चिडते तेव्हा तिचं नाक लाल होतं, भांडी आपटते, मला ते सगळं पाठ आहे. त्यातलं काहीच नव्हतं. ती माझ्याकडे अशी बघत होती, डिस्क खराब व्हायला लागली की मी जसा तिच्याकडे बघतो. हिच्यातलं अजून काय काय बिघडलं असेल, लवकर उरकायला हवं, असं.

"अगं, गंमत केली," मी म्हणालो.

"असं करू नका हो," ती हळूच म्हणाली. "त्यांना वाईट वाटतं."

त्यांना. तिनं 'त्यांना' म्हटलं. आजवर चारचौघांत ती मलाच 'त्यांना' म्हणत आलीय.

५

भावाला खोटं बोलता येत नाही. लहानपणी बरणी फोडायचा आणि आई विचारायच्या आत रडायचा. म्हणून मी त्याला धरलं. तांब्या ठेवायला आला तेव्हा त्याचं मनगट पकडलं. माझ्या हातात जोर नव्हता, पण त्यानं सोडवून घेतलं नाही.

"किती राहिलंय?" मी विचारलं.

"काय, दादा?"

"मला शिकवू नकोस. या खोलीत कुणाला ठेवतात ते मला माहीत आहे. ही खोली मीच लावलीय. किती राहिलंय?"

तो खाली बसला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला.

"फार नाही," तो म्हणाला.

मला वाटलं होतं तो नाकारेल. वेड लागलंय का तुला, असं म्हणेल. मी शेवटपर्यंत तीच वाट बघत होतो, हे मला तेव्हा कळलं.

"तपासलं होतं रे," तो रडत म्हणाला. "हॉस्पिटलमध्येच. सगळं लाल आलं. मी नको म्हणत होतो. वहिनी म्हणाली, मला ते हवेत. कसेही असोत, मला ते घरात हवेत."

"नीट तपासलंत? नुसतं वरवर नाही ना? कधीकधी नुसतं झोपलेलं असतं. आत शिरून बघावं लागतं."

"बघितलं, दादा. तूच शिकवलंस ना."

मी त्याचं मनगट सोडलं. ज्या मुलाला मी सायकल शिकवली, ज्याला दुकानात हाताशी धरलं, तो डोळे पुसत उठला आणि जाताना त्यानं सवयीनं एकेका जुन्या मशीनवर हात ठेवून ती तापलीय का ते पाहिलं. शेवटी माझ्या कपाळावर हात ठेवला. मग कडी लागली.

मला त्याचा राग आला नाही. राग बायकोचा आला, आणि असा आला की दातखीळ बसायची वेळ आली. मी हवा होतो तिला, म्हणे! मी इथं होतो. या खाटेवर, तिच्या हाताच्या अंतरावर मी होतो.

६

एक गोष्ट माझ्या हातात होती. जोवर काही राहिलेलं असतं, तोवर जुनीला कुणी हात लावत नाही. नियम माझा होता आणि ही दोघं तो मोडणार नाहीत, इतकं मी त्यांना ओळखतो. तेव्हा एक काहीतरी मागं ठेवायचं, ओठ शिवून घ्यायचे.

काय काय दिलं होतं, ते मी आठवून पाहिलं. काम दिलं होतं. विनोद दिले होते. आईच्या हाकेची तऱ्हा, पहिल्या नोकरीतला अपमान, बायकोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता हे, सगळं चहाबरोबर देऊन बसलो होतो. तिनं मागितलं आणि मी खुशीनं ओतलं.

एक उरलं होतं. ते तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं.

आम्हाला एक मुलगी झाली होती. बायको बेशुद्ध होती. सिस्टरनं ते गाठोडं माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, बाळासाठी आता काही करता येण्यासारखं नाही, तुम्ही जवळ घेऊन बसा. मी बाहेरच्या बाकावर बसलो. ती होती तोवर बसलो. बायको शुद्धीवर आली तेव्हा सगळं आवरलेलं होतं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्यानंतर त्या दिवसाचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

हे मी देणार नव्हतो. त्याला तर नाहीच. तो माझ्या खुर्चीत बसतो, माझ्या पलंगावर झोपतो, झोपू दे. त्या बाकावर तो बसला नव्हता.

बायको आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आज चहा नव्हता. ती स्टुलावर न बसता खाटेवर माझ्या पायांशी बसली. मी मनात म्हटलं, विचार. काहीही विचार. मी दगड झालोय.

तिनं काहीच विचारलं नाही. मग तिनं माझा हात हातात घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडताना आवाज करत नाही. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना क्वचितच पाहिलंय.

"कशी होती हो ती दिसायला?" ती म्हणाली.

मला माहीत होतं ती का विचारतेय. आणि हेही माहीत होतं की हा प्रश्न तिनं आज बनवलेला नाही. तो तिच्या पोटात त्या दिवसापासून होता. रोज माझ्यासमोर बसून तिनं तो गिळलेला होता. दोन्ही खरं होतं. खोटा प्रश्न असता तर मी दगडच राहिलो असतो हो. पण तिनं माझा हात धरला होता, आणि तो माझ्या बायकोचा हात होता.

"तुझ्यावर गेली होती," मी म्हणालो. "हनुवटी तुझी. कपाळाला, इथं डावीकडे, भोवरा होता. डोळे उघडले नाहीत तिनं. पण माझं बोट धरलं होतं. घट्ट धरलं होतं. मी तिला तुझ्याबद्दल सांगत होतो. आई आत आहे म्हटलं, येईलच. एकदा जांभई दिली तिनं. इतकी मोठी जांभई, एवढ्याशा तोंडाची. मला हसू आलं. ती गेली तेव्हा मी हसत होतो, म्हणून मला जरा वेळानं कळलं."

बायकोनं डोळे मिटून घेतले होते. मी थांबलो. आता ती माझ्या छातीवर डोकं टेकेल, असं मला वाटलं. राग, भीती, काही उरलं नव्हतं. इतक्या वर्षांनी तो बाक आम्हा दोघांचा झाला होता. त्यासाठी पुसला गेलो असतो तरी चाललं असतं, असंही क्षणभर वाटून गेलं.

तेवढ्यात मधल्या खोलीतून रडणं ऐकू आलं.

पुरुषाचं रडणं होतं, आतल्या आत कोंडलेलं, मध्येच उचकी लागणारं. मी असाच रडतो. त्या दिवशी बाकावर असाच रडलो होतो. माझे डोळे मात्र कोरडे होते. मी बोटानं चाचपून पाहिले.

बायकोनं माझा हात खाली ठेवला, नीट, चादरीवर, आणि ती उठली. धावतच गेली म्हणा ना. दार उघडं राहिलं आणि मला मधल्या खोलीतलं तेवढंच दिसलं. टेबलाशी पाठमोरं कुणीतरी बसलेलं होतं, माझा निळा स्वेटर घातलेलं, कोपरं टेबलावर आणि दोन्ही हात मानेमागं गुंफलेले. मानेचा रंग जरा जास्तच एकसारखा होता, नवा असल्यासारखा. त्यानं वळायला सुरुवात केली, पण त्याआधी बायकोनं त्याचं डोकं पोटाशी धरलं.

"उगी," ती त्याला म्हणाली. "उगी हो. आता आपल्या दोघांनाही माहीत आहे."

मग तिनं मागं हात करून दार लोटलं. कडी तिनं लावली नाही, आता तिची गरज नव्हती.